किरकोळ बदल

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

रीतसर मायना नंतर कधीतरी, आधी बातमी. नाही, आधी भिंगरी. नाहीतर तू कागद उलटापालटा करून तिचंच नाव शोधत बसशील आणि माझी बातमी वाचायचीच नाहीस.

तर तुझी लेक मजेत आहे, फक्त ओरडते. आम्हाला वाटतं चिडली, आणि ती बिचारी साधं पाणी मागत असते. दादा आणि मी तिला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. दोन्ही कानांत पडद्याच्या मागे पाणी साठलंय म्हणे. बारीकशा नळ्या बसवायच्या, जरा वेळ झोपवावं लागेल, घाबरण्यासारखं काही नाही. पण लांबवू नका, मे संपायच्या आत करून टाका, असं त्यांनी बजावलंय. कारण ती आता शब्दही अर्धेच बोलायला लागली आहे. जेवढा ऐकू येतो तेवढाच शब्द बोलते. आम्ही सांगून आलो, हिची आई मार्चमध्ये रजेवर येतेय, आली की लगेच करू. तू सांगून ठेवलंयस ना, मी जवळ असल्याशिवाय तिला टेबलावर घ्यायचं नाही म्हणून! भिंगरीनेही तेच धरून ठेवलंय. कुणी कानाला नुसता हात लावला तरी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते, "आई आल्यावर!"

रविवारी तिकडून, तुमच्या फॅक्टरीच्या वसतिगृहाच्या फाटकावरून तू फोन करतेस, तेव्हा ती रिसीव्हर कानाशी धरून हसत बसते आणि मग माझ्या हातात देते. "आई बोलतच नाही," म्हणते. म्हणून म्हटलं, पत्रंच बरी. मी ती तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचते, घसा बसेपर्यंत.

आता माझी बातमी. आमच्या नमुना विभागाचं काम तुला ठाऊकच आहे. परदेशातल्या फॅक्टऱ्या एकेक नमुना शिवून पाठवतात, आम्ही तो मापायचा, आतून बाहेरून बघायचा आणि काय बदलायचं ते चिठ्ठीवर लिहून परत पाठवायचं. तर पुढच्या थंडीसाठी लहान मुलांचा एक मोहरी रंगाचा कोट आलाय. कोट गोड, पण खिशावरचा फ्लॅप चौकोनी, पोस्टाच्या पेटीसारखा. मला बघवेना. घेतली कात्री, कोपरे गोल कापले, तू शिकवलंस तसे आतून काप दिले, उलटवला, टीप मारली. चहा यायच्या आत नवा खिसा तयार! मोठे साहेब बघतच राहिले. बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "नजर पाहिजे तर अशी."

चिठ्ठीवर दोन चौकटी असतात, 'मोठा बदल' आणि 'किरकोळ बदल'. मोठ्यावर टिक केली तर करारानुसार फॅक्टरीला जादा दिवस द्यावे लागतात, जादा पैसेही. किरकोळला काहीच नाही, आहे त्या तारखेत बसवायचं. मोठ्यावर कुणी टिक केल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मीही किरकोळवरच केली. चहाच्या आत झालेलं काम, किरकोळच की!

मार्चची तारीख नक्की झाली का? दादाने तर घरातले सगळे दिवे काढून परत बसवलेत. इलेक्ट्रिशियन माणूस, जीव टांगणीला लागला की हेच करतो.

हवेत तरंगणारी,
बारकी

* * *

२ मार्च

प्रिय बारके,

खाली उतर, बाई. वाईट बातमी आधी सांगून टाकते. मार्चची रजा गेली.

माल बोटीवर चढल्याशिवाय आमच्या लाइनमधून कुणाला रजा नाही, आणि माल चढला नाही, कारण किरकोळ आली. तू म्हणशील ही कोण? आमच्या हॉलमध्ये ती अशीच येते, सासरच्या पाहुणीसारखी, न सांगता. सुपरवायझर दारात उभा राहतो, हातात कागद, आणि म्हणतो, "किरकोळ आहे." की मागून कुणीतरी कण्हलंच, "आली गं मेली!" तारीख गाठायची म्हणून मंजुरीच्या आधीच शिवून, गठ्ठे बांधून ठेवलेला माल मग परत मशीनवर. उसवा, कापा, पुन्हा शिवा. तारीख मात्र तीच. तारीख सरकत नाही म्हटल्यावर आम्हीच सरकतो, दिवसातून रात्रीत. हॉलचं दार बाहेरून लावून घेतात, माल जाऊ नये म्हणून. माल कुठे जातोय गं, इथे मलाच जाता येत नाही.

माझ्या शेजारी काज पाडायच्या मशीनवर एक बाई असते. तिला आम्ही काजवालीच म्हणतो. ती मशीनवर डोकं टेकून झोपते आणि उठली की कपाळावर मशीनच्या कंपनीचं नाव उलटं उमटलेलं असतं. परवा आम्ही दोघी त्यावरून इतक्या हसलो की सुपरवायझर धावत आला, त्याला वाटलं कुणाला तरी फेफरं आलं. हसून झाल्यावर ती रडायला लागली. रजेच्या रांगेत ती माझ्याही आधी आहे. तिची गेली, मग माझी गेली.

डॉक्टरीणबाईंना सांग, मे संपायच्या आत मी येतेच. काही झालं तरी येते. भिंगरीला भूल देताना तिचा हात दुसऱ्या कुणाच्या हातात असलेला मला सहन व्हायचा नाही. मूर्खपणा म्हण हवं तर.

साहेबांनी कौतुक केलं, छान झालं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एक विचारायचं होतं. त्या मोहरी कोटाला आतून अस्तर कुठल्या रंगाचं आहे? असंच. आमच्याकडे लेबलं दुसऱ्या इमारतीत लागतात, त्यामुळे आपण कुणासाठी शिवतोय ते आम्हाला कधीच कळत नाही. मनात येतं काहीबाही.

तुझी,
वहिनी

* * *

१९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून माझं डोकं भणभणलंय! बाहेरून कुलूप? तुम्ही काय गुरं आहात? आणि हा किरकोळ पाठवणारा कोण टिकोजीराव लागून गेलाय? थंड खोलीत बसून कागदावर रेघोट्या ओढायला काय जातं मेल्याचं! समोर सापडला ना, तर ज्या हाताने टिक करतो तो हात मशीनखाली धरीन. दादाला वाचून दाखवलं. तो उठला आणि इस्त्री उघडून बसला. इस्त्रीला काहीही झालेलं नव्हतं.

तुमच्या फॅक्टरीवाल्यांनीही काही म्हणायला नको का? आम्हाला माल पुरवणाऱ्या फॅक्टऱ्या कधी एका शब्दाने तक्रार करत नाहीत. किरकोळ पाठवलं की उलट टपाली 'आभारी आहोत' असं येतं.

भिंगरीला शाळेत मागच्या बाकावरून पुढे आणलंय. बाई म्हणतात, ती ओठ बघून अंदाज बांधते, हुशार आहे. मी लगेच डॉक्टरीणबाईंकडे जाऊन मेमधली त्यांची शेवटची मोकळी तारीख धरून आले. त्याच्या पुढे त्या एक दिवस थांबणार नाहीत. तेव्हा भांड, रड, पाया पड, पण ये.

अस्तर निळं आहे, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. तुझ्या मनात काय आलं ते मला कळलं हं! भिंगरीसाठी हवाय ना? आम्हाला नमुने अर्ध्या किमतीत मिळतात, एक बाजूला काढून ठेवते. फक्त थोडं थांब, कारण बटणं बदलणार आहेत. आत्ताची फार मोठी आहेत, बटाट्याच्या कापांसारखी. मी लहान सुचवली आहेत. साहेबांना पटलंय.

संतापलेली,
बारकी

* * *

४ एप्रिल

बारके,

तो हात तुझाच आहे.

मोहरी रंग, निळं अस्तर, पांढरे ठिपके, चौकोनाचा गोल झालेला फ्लॅप. मी स्वतः उसवलेत गं ते. माझ्या मशीनवरून गेलेत. तुझं पहिलं पत्र हातात आलं तेव्हा माझ्या नखांत मोहरी रंगाचा दोरा होता. तरी म्हटलं, जगात मोहरी रंगाचे कोट काय कमी असतील? म्हणून अस्तर विचारलं.

तू टेबलावर एक फ्लॅप केलास. एका फ्लॅपला चहाच्या आतला वेळ लागतो हे खरंय, मीच तुला शिकवलंय. पण चौकोनी शिवून तयार असलेला माल गोल करायचा म्हणजे काय, हे तुला कळत नाही असं तू मला सांगू नकोस. तू मशीनवर बसलेली मुलगी आहेस. तुला कळतं. तू फक्त विचार केला नाहीस. एका कोटाकडे बघितलंस आणि किरकोळ म्हणालीस.

मी रागावले आहे. लपवत नाही. दोन दिवस मी तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, आणि तिसऱ्या दिवशी तुझाच आवाज ऐकावासा वाटला. त्याचाही राग आला.

आता तुझा स्वभाव मला माहीत आहे. नोकरी सोडून बसू नकोस, उपयोग नाही. आणि माझं नाव घेऊन कुणाकडे माझ्यासाठी रजा मागू नकोस. ऐकलंस? मागायचंच असेल तर दुसरं काही माग. काय ते तुला ठाऊक आहे, चिठ्ठी तुझ्या हातात आहे.

कोट नको.

वहिनी

* * *

२२ एप्रिल

वहिनी, वहिनी, वहिनी,

तुझं पत्र जिन्यात उघडलं आणि जिन्यातच बसले. खालच्या मजल्यावरचे काका विचारत होते, काय झालं, कोण गेलं. मी कुणाला काय सांगू? मी त्या टिकोजीरावाच्या हाताचं काय काय करणार होते ते मीच लिहिलंय आणि तिकीट लावून तुला पाठवलंय. लाज वाटते. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तू म्हणतेस विचार केला नाहीस. खरंय. तुझी आठवण तर मी रोज काढत होते, पण टेबलावर तो कोट असताना तू माझ्या डोक्यात यायचीच नाहीस. कोट आणि तू असं एकत्र कधी आलंच नाही.

आता शांतपणे वाच. मी साहेबांकडे गेले. तू नको म्हणालीस तरी गेले. सगळं सांगितलं, कुलूप, रात्री, सगळं. ते आधी म्हणाले, "फॅक्टरी आपली थोडीच आहे? आपण माल घेतो. माणसं त्यांची." मी रडायलाच लागले. भिंगरीचं सांगितलं. मग मात्र ते एकदम मऊ झाले, अगं. कपाटातून एक रंगीत पुस्तिका काढून दिली. 'प्रत्येक शिवणारा हात आमच्या कुटुंबाचा' असं वर छापलंय, आत हसणाऱ्या बायकांचे फोटो. म्हणाले, आपण इतके वाईट नाही. आणि तिथल्या तिथे त्यांनी तुमच्या मॅनेजरला फोन लावला!

तुझी रजा मंजूर झाली! मेच्या मध्यावर तू निघायचंस, एवढं कळलंय. ऑपरेशनला तू भिंगरीजवळ असशील. मी घरी येऊन तिला उचलून गरगर फिरवलं. दादा स्टेशनवर कुठल्या बाजूच्या दाराशी उभं राहायचं ते आतापासून ठरवतोय. मला माफ करायचं की नाही ते इथे येऊन, माझ्या हातचं खाऊन ठरव.

कुलपाचंही बघतो म्हणालेत साहेब. बटणांची चिठ्ठी त्याच वेळी सहीला टेबलावर होती. ती मी दिली करून. आत्ताच त्यांनी आपल्यासाठी एवढं केलं, लगेच त्यात वाद कुठे घालायचा? जाऊ दे, तो किरकोळ विषय आहे. तू ये फक्त.

तुझीच, शिव्या खायला तयार,
बारकी

* * *

५ मे

प्रिय बारके,

मॅनेजरने मला वर बोलावलं. बसायला खुर्ची दिली. एवढ्या वर्षांत त्याच्यासमोर मी पहिल्यांदाच बसले. चहा आला, कपबशीतून. "ताई, तुम्ही आधी बोलला नाहीत, तुमची माणसं तिकडे कंपनीत आहेत म्हणून?" मी चहा प्यायले. सगळा प्यायले गं, गरम होता आणि दूध भरपूर होतं. रजेचा कागद घेऊन खाली आले.

खाली आले तर हॉल गप्प. नुसती मशीनं. एका लाइनमधून एका वेळी एकीलाच रजा. काजवालीच्या नावावर काट मारून माझं नाव वर घेतलं होतं. तिला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने तोंड फिरवून मशीनमध्ये दोरा ओवला, भांडली असती तर बरं झालं असतं. दुपारी जेवायला बसले तर दोन्ही बाजूंच्या बायका सरकल्या. मला जागा द्यायला नाही, माझ्यापासून लांब. माझ्यासमोर काही बोललं तर ते थेट साहेबांच्या कानावर जाणार, असं आता सगळ्यांना वाटतं. मी त्यांच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं.

आणि संध्याकाळी किरकोळ आली. बटणं.

बारके, काजं पाडून झाली आहेत. मोठ्या बटणांची काजं. बटण लहान करता येतं, पाडलेलं काज लहान करता येत नाही. त्यात लहान बटण राहणारच नाही, मूल हललं की कोट उघडेल. म्हणजे पुढचे दोन्ही भाग काढायचे, नवे कापायचे, पुन्हा काजं, पुन्हा कॉलर, पुन्हा अस्तर. अख्खा कोट पुन्हा. हेही तुला कळतं. तू ती चिठ्ठी "दिली करून".

तू माझ्यासाठी दार उघडलंस, आणि ते माझ्या एकटीपुरतं. मी बाहेर पडले की मागे पुन्हा कुलूप, आणि माझ्या वाटणीचे कोट काजवालीच्या मांडीवर. तुझ्या साहेबांना हे फार स्वस्तात पडलं. एक फोन केला आणि मोठ्या मनाचे झाले. चिठ्ठीवरची ती दुसरी चौकट फुकटची भीक नाही, करारात लिहिलेली आहे, तूच मला सांगितलंस. ती सगळ्यांसाठी आहे. आणि तू त्यातून माझ्यापुरती मेहेरबानी मागून आणलीस.

कागद मी परत केला. कारकून म्हणाला, डोकं ठिकाणावर आहे का? मी म्हटलं, नसेल.

भिंगरीचं ऑपरेशन ठरल्या दिवशी करून टाका. माझी वाट बघू नका. एवढी दोन वाक्यं लिहायला मला सगळा रविवार लागला. तिला भूल देताना तिचा हात धर. तिला बोटं धरायला आवडत नाही, मनगट धर. आणि मी का आले नाही ते तिला तुला जमेल तसं सांग. माझ्यावर घाल सगळं. मला चालेल. नाही, चालणार नाही, पण घाल.

वहिनी

* * *

२६ मे

प्रिय वहिनी,

झालं. सुखरूप झालं. मनगट धरलं होतं. ती घाबरली नाही, फक्त दाराकडे बघत होती. डोळे मिटेपर्यंत दाराकडेच. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, आईला यायचं होतं, पण तिने आपला नंबर दुसऱ्या मावशीला दिला. तिला किती ऐकू आलं कोण जाणे.

पण आता! अगं, आता तिला सगळंच ऐकू येतं आणि तिला काहीच पसंत नाही. पंखा ओरडतो म्हणते. नळ ओरडतो. दादा भात चावताना आवाज करतो म्हणून त्याला ताटावरून उठवलं. आणि स्वतः इतकी हळू बोलते की आम्हालाच दोनदा विचारावं लागतं.

रविवारचा फोन... तुला माहीतच आहे. मी तिला दोन दिवस सांगत होते, आता आई ऐकू येणार. ती नटून बसली होती. तुझा आवाज आला आणि तिने रिसीव्हर माझ्याकडे दिला. "ही आई नाही, आत्या. ही दुसरीच कुणीतरी आहे." तू पलीकडून ते ऐकलंस, कारण लगेच फोन कट झाला. वहिनी, तिने इतकी वर्षं तुझा आवाज पाण्यातून ऐकला. तिला खरा आवाज ओळखू येईना, त्यात तिचा दोष नाही, तुझाही नाही. माझा आहे. मार्चमध्ये तू आली असतीस तर शुद्धीवर येताना तिने पहिला तुझाच आवाज ऐकला असता. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आता ऑफिस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी बटणांची चिठ्ठी परत मागवली. सगळ्यांसमोर किरकोळवर काट मारली आणि मोठ्यावर टिक केली. खाली लिहिलं, काजं पाडून झालेली आहेत, पुढचे भाग नवे लागतील. साहेब हसले. "एवढ्याशा बटणाला मोठा बदल?" मी म्हटलं, बटण एवढंसं आहे, बदल मोठा आहे. मग हिशेबवाल्याला बोलावलं. त्या चौकटीचे नियम कुठल्या पानावर आहेत हेच कुणाला सापडेना, इतक्या वर्षांत कुणी बघितलेच नव्हते. सापडले. जादा दिवस किती, पैसे किती, त्याने सगळं मांडून दाखवलं.

आणि मग ऐक. सगळ्यांनी कोट पुन्हा हातात घेतला. इकडून बघितला, तिकडून बघितला. साहेब म्हणाले, "तशी ही जुनी बटणंही काही वाईट दिसत नाहीत."

संपलं! बटणं रद्द! मला हसू की रडू कळेना. त्या बटणांची कुणालाच गरज नव्हती, वहिनी. मलाही नव्हती. आम्ही ती मागत होतो, कारण तुमच्या रात्री आम्हाला फुकट मिळत होत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी समजुतीने सांगितलं, की घरचा संबंध असल्यामुळे मी भावनेच्या भरात निर्णय घेते, तेव्हा काही दिवस परत आलेल्या मालाच्या खोलीत बसावं. तळघरात आहे. माझ्या टेबलावर एक नवीन मुलगी आलीय, गोड आहे. जाण्याआधी मी तिला काजाचं सगळं समजावलं. तिने मान डोलावली. पण मी निघताना बाजूच्या टेबलावरचा तिला सांगत होता, "टिक नेहमी इकडे करायची असते."

बोल काहीतरी. शिव्या दे, पण लिही.

तळघरातली,
बारकी

* * *

१४ जून

प्रिय बारके,

शिव्या संपल्या. बटणांची किरकोळ परत गेली तेव्हा हॉलमध्ये काय झालं असेल ते तुला लिहून कळायचं नाही. सुपरवायझर कागद उलटा धरून वाचत होता, असं कधी झालेलंच नव्हतं ना. कुणी केलं, का केलं, कुणालाच माहीत नव्हतं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, फ्लॅपपासून. माझ्या नणंदेने आणली आणि माझ्या नणंदेनेच परत नेली. काजवाली म्हणाली, "मग तिला एकदा बघायला पाहिजे, फटका द्यायला आणि जवळ घ्यायला." त्या रात्री आम्ही आपापल्या पलंगावर झोपलो. काजवालीची रजा पुन्हा लागली, तिने पलंगाखाली बॅग भरून ठेवली. तिच्यानंतर माझा नंबर.

रविवारच्या फोनचं मी काही लिहीत नाही. मला जमणार नाही. त्या दिवशी फाटकापासून वसतिगृहापर्यंत कशी आले ते आठवत नाही.

आणि काल किरकोळ आली. तुझ्या त्या गोड मुलीची असणार. कॉलरला आतून लूप, कोट अडकवायला. छान कल्पना आहे, खरंच. त्यासाठी कॉलर उसवायची, सगळ्यांच्या. सुपरवायझर दारात उभा, मागे कुलूपवाला किल्ल्यांचा जुडगा घेऊन. काजवाली नुसती बसून राहिली. तिची बस पुढच्याच आठवड्यात होती.

बारके, मला बोलायचं नव्हतं. पण माझ्या लक्षात आलं की बोलायचं असेल तर मीच बोलायला हवं. वर जाऊन चहा पिऊन आलेली मीच. दुसरी कुणी उठली असती, तर बाकीच्यांनी आधी माझ्याकडे बघितलं असतं, ही काय सांगते म्हणून. सहाची घंटा झाली. मी मशीन बंद केलं, उठले आणि विचारलं, "साहेब, किरकोळ आहे ना?"

तो म्हणाला, "हो, किरकोळच आहे."

म्हटलं, "मग उद्या दिवसा करू. किरकोळ कामाला रात्र कशाला लागते?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग काजवालीचं मशीन बंद झालं. मग पुढचं. एकेक करत पूर्ण लाइन उभी राहिली, आणि प्रत्येकजणी त्याला तेच विचारत होती, अगदी आदराने, "किरकोळच आहे ना, साहेब?" त्याला हो म्हणता येईना आणि नाही म्हणता येईना. नाही म्हटलं तर दिवस द्यावे लागतात, तेवढं आता इथे सगळ्यांना कळलंय, तुझ्या कृपेने. कुलूपवाला बिचारा बाजूला झाला. आम्ही बाहेर पडलो. फाटकाशी येऊन मी काजवालीचा दंड इतका घट्ट धरला होता, की ती म्हणाली, सोड आता, वळ उठेल.

आज सकाळी दोन जणींना वर बोलावलं. दुपारनंतर मला बोलावलंय. या वेळी चहा नसेल.

म्हणून हे घाईत लिहून बोटीवर माल नेणाऱ्या ड्रायव्हरकडे देतेय. तू तळघरात गप्प बसू नकोस. त्या मुलीला रोज जाऊन भेट, रोज सांग, कंटाळेपर्यंत सांग. पुस्तिकेतल्या त्या हसणाऱ्या बायकांची नावं विचार साहेबांना. तुझ्या दादाला म्हणावं, घरात आता काही उघडू नकोस.

आणि भिंगरीला सांग, आई येतेय. आता काळजीच मिटली बघ. रजा दिली तरी मी घरीच येणार, काढून टाकलं तरी घरीच येणार. फक्त कशी येतेय ते तिला सांगू नकोस. आल्यावर मी आधी काहीच बोलणार नाही. तिने मला डोळ्यांनी ओळखलं, की मग हळूच बोलेन.

तुझी,
वहिनी